दुसऱ्यांची घरं वाचवताना ज्यांचं स्वतःचं घर गेलं, त्यांच्यासाठी काय करता येईल?

दक्षिणकिनारा | ६ जानेवारी २०२०, रात्री १०.४०

नमस्कार. मी ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बेगा भागात राहते. एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ३१ डिसेंबरच्या पहाटे बाजा फॉरेस्ट रोडचा वणवा कोबार्गोत उतरला. तिथल्या मुख्य रस्त्यावरची जळालेली दुकानं तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. आम्ही तिथून अर्ध्या तासावर आहोत आणि सुखरूप आहोत. वीज नव्हती, फोन नव्हते, पेट्रोलपंपांवर रांगा होत्या, कार्ड चालत नव्हतं. आज जरा उसंत मिळाली म्हणून लिहितेय.

विषय आमच्या शेजाऱ्यांचा आहे. शेजारी म्हणजे मधे दोन किलोमीटर कुरणं. नवरा-बायको पन्नाशीचे, मुलगा विशीतला, दीडशे दुभत्या गाई. तिघंही रूरल फायर सर्व्हिसचे, म्हणजे आरएफएसचे स्वयंसेवक. बाप-लेक आगीच्या गाडीवर असतात, ती फायर शेडमध्ये रेडिओवर. सप्टेंबरपासून ही माणसं धारा काढून गाडीवर जातात आणि गाडीवरून उतरून धारा काढतात.

त्या पहाटे बाप-लेक डोंगरापलीकडे एका एकट्या म्हातारीचं घर वाचवत होते. ते वाचलं. त्याच वेळी यांच्या घराच्या पन्हळीत निखारे पडले आणि आजोबांनी बांधलेलं लाकडी घर पाऊण तासात खाली आलं. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीने रेडिओवर पत्ता कळवला. तो तिनेच ऐकला. नोंदवहीत स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला, वेळ लिहिली आणि पुढचा कॉल घेतला. हे मला तिने नाही, शेडमधल्या दुसऱ्या बाईने सांगितलं.

गोठा आणि दूध काढायची शेड वाचली. संध्याकाळी कुणाचा तरी जनरेटर आणून त्यांनी गाईंच्या धारा काढल्या. दूध नेणारा टँकर येऊ शकत नव्हता, सगळं दूध खड्ड्यात सोडावं लागलं. पण धार चुकवता येत नाही, कासदाह होतो. घर जळालेल्या दिवशीसुद्धा गाईला धार लागतेच.

आता अडचण अशी की ते काहीच घेत नाहीत. "आमच्याहून जास्त ज्यांचं गेलंय त्यांना द्या" एवढंच म्हणतात. आयुष्यभर देणारी माणसं आहेत, घ्यायची सवय नाही. त्यांना मिंधं वाटू न देता काय करता येईल? कुणी अशा प्रसंगातून गेलं असेल तर कृपया लिहा.

---

मेलबर्नकर | ६ जानेवारी, रात्री ११.१५

वाचून सुन्न झालो. फेसबुकवर विनोदी अभिनेत्री सेलेस्ट बार्बरने उघडलेल्या निधीत मी परवाच १०० डॉलर दिले. तो आरएफएसलाच जातोय ना? मग यांच्यापर्यंत पोचेलच.

---

हिशेबनीस | ७ जानेवारी, सकाळी ७.०५

मेलबर्नकर, तुमचे १०० डॉलर वाया जाणार नाहीत, पण या कुटुंबाच्या घरासाठी ते येणार नाहीत. तो निधी आरएफएसच्या विश्वस्त निधीत जमा होतो. त्याचं उद्दिष्ट आहे ब्रिगेडना, म्हणजे गावोगावच्या स्वयंसेवक तुकड्यांना, साधनसामग्री, प्रशिक्षण, चालू खर्च. स्वयंसेवकाचं स्वतःचं घर जळालं तर ते त्यात बसत नाही. बरेच जण इथेच गल्लत करताहेत. ब्रिगेडला दिलेले पैसे आणि घर गेलेल्या माणसाला दिलेले पैसे, हे दोन वेगळे खिसे आहेत.

करसवलतीचंही सांगून टाकतो, कारण विचारणा होणारच. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर सवलत मिळते, एखाद्या कुटुंबाला थेट दिलेल्या पैशांवर नाही. सिडनीतली आमची चार घरं सवलतीचा विचार न करता थेट द्यायला तयार आहेत.

---

कृष्णाकाठ | ७ जानेवारी, दुपारी १२.३०

ताई, मी शिरोळ तालुक्यातला. गेल्या ऑगस्टच्या महापुरात आमच्या घरात आठवडाभर पाणी होतं. आम्ही म्हशी घेऊन आधी बाहेर पडलो म्हणून जनावरं वाचली. तेव्हा मदत घेणाऱ्या बाजूला बसायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली, म्हणून लिहितो.

"काही लागलं तर सांगा" असं मला शंभर जण म्हणाले असतील. मनापासून म्हणाले, त्यांना नावं ठेवत नाही. पण मी एकालाही सांगितलं नाही. काय सांगणार? डोक्यात चिखल भरलेला असतो. काय लागतंय हेच कळत नसतं, आणि कळलं तरी तोंड उघडत नाही. वडील ग्रामपंचायतीत होते. आमच्या दारातून कुणी रिकामं गेलं नाही, तिथं मी सतरंजी मागू?

उपयोग कुणाचा झाला ते सांगतो. सोलापूरकडची चार पोरं खोरी-घमेली घेऊन आली. "काका, कुठल्या खोलीपासून सुरू करू?" एवढंच विचारलं. करू का, असं विचारलं नाही. दुसऱ्या एकाने ट्रकभर वैरण आणली. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तुम्हाला नाही आणली, म्हशींना आणलीय." तिथं मी रडलो. तिसरा माणूस दिवाळीनंतर आला, जेव्हा सगळे विसरले होते. वायरमन होता. दोन दिवस राहून अख्ख्या घराचं वायरिंग करून गेला.

आणि कपडे पाठवू नका. शाळेच्या व्हरांड्यात फाटक्या साड्यांचा आणि एकेकट्या चपलांचा ढीग पावसात भिजत पडला होता. तो हलवायला आमचीच माणसं लागली.

त्यांच्या गाईंसाठी चारा न्या. त्यांना नाही म्हणता येणार नाही.

---

देवगडकर | ७ जानेवारी, दुपारी ३.५०

कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या ओळीला अनुमोदन. आमच्याकडे मार्चमध्ये सड्यावर वणवा लागला की अख्खी वाडी हिरव्या फांद्या घेऊन धावते. कुणाची कलमं, कुणाची काजू, हे तेव्हा कुणी बघत नाही. ज्याची बाग जळते तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच बागेत आग झोडपत असतो. त्या माणसाचं दुःख मी ओळखतो.

---

प्रश्नचिन्ह | ७ जानेवारी, रात्री ९.२०

राग मानू नका, पण एवढ्या श्रीमंत देशात आग विझवणारे लोक बिनपगारी का? आणि स्वतःचं घर सोडून दुसऱ्याचं वाचवायला का गेले?

---

दक्षिणकिनारा | ८ जानेवारी, रात्री ११.५०

राग कसला, इथे आले तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता.

शहरांत पगारी अग्निशमन दल आहे. खेडोपाडी मात्र आरएफएस, आणि तिचे ७० हजारांवर सदस्य जवळजवळ सगळे स्वयंसेवक. व्हिक्टोरियात सीएफए, साउथ ऑस्ट्रेलियात सीएफएस, तीच पद्धत. अंतरं इतकी आहेत की पगारी गाडी शहरातून निघून पोचेपर्यंत कुरण संपलेलं असतं. म्हणून प्रत्येक वस्तीची आपली शेड, आपली गाडी, आपली माणसं. आमच्या ब्रिगेडमध्ये शेतकरी आहेत, शाळेची बस चालवणारा आहे, निवृत्त शिक्षिका आहे.

पैशांचं म्हणाल तर या वेळी पहिल्यांदा भरपाई जाहीर झालीय. १० दिवसांहून जास्त काम केलेल्या, स्वतःचा व्यवसाय असणाऱ्या किंवा लहान-मध्यम आस्थापनांत नोकरी करणाऱ्या स्वयंसेवकांना दिवसाला ३०० डॉलर, जास्तीत जास्त ६,०००. आमच्या शेजाऱ्याचे दहा दिवस ऑक्टोबरातच भरले असतील. त्याने अर्ज केलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी त्याच्या मुलाच्या तोंडून ऐकलंय. "आम्ही घरी थांबलो असतो तर आमचं वाचलंही असतं. पण त्या आजी आत होत्या. आमच्या घरात कुणी नव्हतं." त्या रात्री निघताना हा हिशोब त्यांनी केलेला होता. १९ डिसेंबरला बक्स्टनजवळ झाड पडून गाडी उलटली, त्यात दोन तरुण स्वयंसेवक गेले, दोघांनाही लहान मुलं. ३० तारखेला जिंजेलिकला आगीच्या वावटळीने जड गाडी उलटवली, त्यात अजून एक. हे माहीत असतानाच ही माणसं ३१ ला गाडीवर चढली होती.

कृष्णाकाठदादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. उद्या चारा.

---

कॅनबेरावासी | ९ जानेवारी, सकाळी ६.३०

रस्ता उघडला की मी आणि दोन मित्र येतो. इथून तीन तास. स्लीपिंग बॅग, पाणी, खाणं आमचं आम्ही आणू, त्यांच्यावर भार टाकणार नाही. अंगमेहनतीचं काय काम आहे?

---

दक्षिणकिनारा | १९ जानेवारी, रात्री १०.००

दहा दिवसांत काय चाललं आणि काय नाही ते लिहिते.

चारा चालला. ३० मोठे गठ्ठे. शेजाऱ्याने हात खिशात घातला तेव्हा मी म्हटलं, गाईंकडून घेईन. तो पहिल्यांदा हसला.

डबे आधी चालले नाहीत. मी वरण-भात-भाजी नेत होते. ते बसून जेवतच नव्हते, झाकण न उघडता डबे परत. मग बटाट्याचे पराठे करून एकेक कागदात गुंडाळून द्यायला लागले. एका हातात धरून कुरणात उभ्यानं खाता येतात. आता फायर शेडमधूनही निरोप येतो, "ती गुंडाळी आहे का?" व्हिक्टोरियात बेअर्न्सडेलला सिख व्हॉलंटियर्स ऑस्ट्रेलियाची मंडळी मोठमोठी पातेली चढवून रोज लोकांना जेवू घालताहेत. माझे पराठे त्यापुढे काहीच नाहीत, पण इथे तेवढेच लागत होते.

सगळ्यात जास्त उपयोग धारांच्या पाळीचा झाला. पहाटेची धार चार वाजता असते. आजूबाजूच्या तीन डेअरीवाल्यांनी वार वाटून घेतले. शेजाऱ्याला कळवलं, विचारलं नाही. पहिल्या सकाळी तो चारला तिथे उभा होताच. तिसऱ्या सकाळी झोपला.

धुणं तिने माझ्याकडे आपणहून दिलं. धुराचा वास तीनदा धुऊनही जात नाही.

कॅनबेरावासी आणि मित्रांनी दोन दिवस जळकं कुंपण उपटलं. लाकडी खांब जळून जातातच, पण तार उभी दिसते म्हणून फसायला होतं. आगीत तापलेल्या तारेचा मुलामा जातो, ती कमजोर होते, ताणली की तुटते. सगळी गुंडाळून काढावी लागते. कुंपण नसेल तर उरलेल्या गाई रस्त्यावर, म्हणून घराआधी कुंपण. ब्लेझएड ही संस्था हेच काम करते. २००९ च्या ब्लॅक सॅटर्डेनंतर, ज्यात १७३ माणसं गेली, व्हिक्टोरियातल्या एका शेतकरी जोडप्याने ती सुरू केली. आमच्या भागातही त्यांचा तळ पडतोय. मेहनत त्यांची, त्यामुळे पैसे द्यायचे असतील तर लोखंडी खांब आणि तार यांसाठी द्या.

आणि कागद. शेतकऱ्यांसाठी ७५,००० डॉलरपर्यंतचं अनुदान जाहीर झालंय. त्याचा अर्ज, केंद्राचे माणशी १,००० डॉलर, जन्मदाखले, गाडीचे कागद, सगळं ऑनलाइन. त्याच्या शेतावर नेट नाही आणि मनात बळ नाही. मी रविवारी लॅपटॉप घेऊन बसले, त्याला फक्त सह्या करायला लावल्या. त्याच बैठकीत दिवसाच्या ३०० डॉलरचाही अर्ज भरला. तो नको म्हणत होता. ती म्हणाली, "मुलगा कामावर गेला नाही चार महिने. त्याचा तरी भर." मग दोघांचा भरला.

---

हिशेबनीस | २० जानेवारी, रात्री ८.४०

ताई, विम्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. इथे बाहेरच्या माणसाची मदत खरोखर लागते.

एक, घरातल्या सामानाची यादी. विमा कंपनी खोलीनिहाय वस्तू मागते. ज्याचं घर जळालंय त्याला स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू आठवायला लावणं क्रूर आहे, पण टळत नाही. तुम्ही त्यांच्या घरी कित्येकदा गेलेल्या आहात. तुमच्या, नातेवाइकांच्या फोनमधले जुने फोटो गोळा करा. नाताळ, वाढदिवस. मागच्या भिंतीवरचं कपाट, टेबलावरची भांडी, सगळं फोटोत असतं. पहिली यादी तुम्ही करा, त्यांनी नुसती तपासावी.

दोन, घराची विमा रक्कम. जुन्या शेतघरांवर ती बहुतेक वेळा फार कमी असते, कारण वर्षानुवर्षं कुणी वाढवलेली नसते. आणि नवं घर जुन्या घरासारखं बांधता येत नाही. वणव्याच्या धोक्यानुसार जागेची प्रतवारी होते, तिला बीएएल म्हणतात. १२.५, १९, २९, ४० आणि सगळ्यात वर फ्लेम झोन. प्रत जितकी वरची तितक्या काचा जाड, फटींना जाळ्या, भिंती-छत न पेटणारं. म्हणजे खर्च वाढतो आणि रक्कम तीच राहते. पॉलिसीत वाढीव खर्चाचं कलम आहे का ते बघा.

तीन, पटकन तडजोड करून एकरकमी पैसे घ्या असा आग्रह झाला तर सही करायच्या आधी मला कागद पाठवा. रात्री बारालाही बघेन.

चार घरांचे मिळून ६,४०० डॉलर झालेत. कुठे पाठवू?

---

दक्षिणकिनारा | २१ जानेवारी, सकाळी ५.५०

शेतीच्या सामानाच्या दुकानात त्यांच्या खात्यावर. मी दुकानदाराशी बोललेय. तार न्यायला गेले की कळेल, पैसे आधीच भरलेत. नावं लिहू नका.

फोटोंची कल्पना फार मोलाची. नणंदेकडे ४० वर्षांचे नाताळ निघाले.

---

सिडनीवाली | १४ फेब्रुवारी

पाऊस पडला ना तिकडे? काल आरएफएसने राज्यातल्या सगळ्या आगी आटोक्यात आल्याचं सांगितलं. ऐकून पहिली आठवण या धाग्याची झाली.

---

दक्षिणकिनारा | १६ फेब्रुवारी

हो, पडला. राख धुऊन ओढ्यात आली, पाणी काळं झालं, पण पडला. आणि त्यातून एक गोष्ट कळली जी शेजारीण सहा आठवडे बोलली नव्हती.

इथल्या शेतघरांत पावसाची वही असते. अंगणात मोजपात्र, रोज सकाळी ९ ला बघून किती मिलिमीटर ते लिहायचं. त्यांच्या घरात सासऱ्यांच्या वडिलांपासूनच्या वह्या होत्या. समासात "धाकटा जन्मला", "काळी गाय विकली", असं बारीक अक्षरात. दागिने, फोटो, कशाबद्दल ती बोलली नाही. पाऊस थांबला तेव्हा म्हणाली, "लिहायचं कशात?"

---

कॅनबेरावासी | १७ फेब्रुवारी

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर देशभरच्या पर्जन्यमापकांच्या दैनंदिन नोंदी खुल्या आहेत. त्यातले कितीतरी मापक अशाच शेतकऱ्यांनी, स्वयंसेवकांनी चालवलेले. त्यांच्या सगळ्यात जवळच्या ठिकाणाच्या नोंदी मी छापून बांधून आणतो. समास मोठा ठेवतो.

---

दक्षिणकिनारा | ३१ मे

खूप दिवसांनी. मार्चअखेर कोविडमुळे माणसं यायची थांबली, कुंपण दोन तृतीयांशावर राहिलं. पुढचं बाप-लेकांनीच चालवलंय. सध्या ते तिघं शेताच्या शेडमध्ये राहतात, आत पत्र्याला फळ्या मारून.

हिशेबनीस यांनी जानेवारीत सांगितलं ते खरं ठरलं. याच आठवड्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फेसबुकवरून जमलेले ५.१ कोटी डॉलर आरएफएसच्या निधीबाहेर, वणवाग्रस्तांना किंवा इतर संस्थांना देता येणार नाहीत. जखमी किंवा मृत स्वयंसेवकांच्या कुटुंबांसाठी आणि मानसिक आधारासाठी वापरता येतील. ब्रिगेडना चांगली साधनं मिळोत, त्यांना ती हवीच आहेत. पण देणाऱ्या कित्येकांना वाटत होतं की यातून घरं उभी राहतील.

---

मेलबर्नकर | १ जून

मलाही तेच वाटलं होतं. दुकानाच्या खात्यावर २५० भरले.

---

दक्षिणकिनारा | १२ सप्टेंबर

आज कठीण दिवस होता. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायला मुद्दाम लहान आगी लावतात. तो धूर आला आणि शेजारी धारा अर्ध्यावर सोडून बाहेर जाऊन बसला. ती म्हणाली, महिनाभर झोपत नाहीये. मी औषधाच्या दुकानात काम करते, मला आधी कळायला हवं होतं. आम्ही सगळे कुंपण मोजत होतो.

त्याला सल्ला देऊन उपयोग नाही हे माहीत होतं. ब्रिगेडच्या कॅप्टनला सांगितलं. आरएफएसची स्वतःची आधार देणारी माणसं असतात, त्यातले बरेच जण गाडीवर काम केलेले. त्यांतला एक आला. दोघं तीन तास ट्रॅक्टर दुरुस्त करत बसले. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येतोय.

---

कृष्णाकाठ | १२ सप्टेंबर

ताई, मला अजून छपरावर जोराचा पाऊस आला की उठून म्हशींपाशी जावं लागतं. त्याला सांगा, शिरोळात एक जण आहे.

---

दक्षिणकिनारा | १३ सप्टेंबर

सांगितलं. त्याने विचारलं, "किती म्हशी?"

---

कृष्णाकाठ | १३ सप्टेंबर

सात. दोन गाभण.

---

सिडनीवाली | ९ जानेवारी २०२१

वर्ष झालं. घराचं कुठवर आलं? अजून काही पाठवता येईल का?

---

दक्षिणकिनारा | १० जानेवारी २०२१

परवानगी नोव्हेंबरात मिळाली. बीएएल २९ आलं. विम्याचे पैसे अपुरे पडले, म्हणून घर जुन्याच्या निम्मं. हिशेबनीस यांनी दोनदा पत्रं लिहून दिली म्हणून निम्मं तरी. जोत्याचं काँक्रीट गेल्या सोमवारी पडलं. मुलाने त्याच दिवशी गाडीचं प्रशिक्षण पुन्हा सुरू केलं. बाप या हंगामात शेडमध्ये रेडिओवर बसतो आणि ती गाडीवर जाते. हे त्या दोघांनीच ठरवलं.

पैसे आता नकोत. कुंपणाचा शेवटचा तुकडा राहिलाय, ओढ्याकाठचा, साधारण ६०० मीटर. खांब आलेत, तार आलीय, माणसं हवीत.

---

कॅनबेरावासी | १० जानेवारी २०२१

२३ तारखेच्या शनिवारी पहाटे चारला निघतो. गाडीत दोन जागा आहेत. जाड हातमोजे आपापले आणा.